घळीपलीकडची डिश

भंगारवाल्याच्या वखारीत डिशची एक कड तिच्या हातात होती आणि दुसरी एका उंच, कोपरापर्यंत मातीने माखलेल्या तरुणाच्या. दोघंही सोडायला तयार नव्हते.

“मी आधी बघितली,” ती म्हणाली.

“बघितली असेल. उचलली मी.”

“मी वाकेपर्यंत तुम्ही झडप घातलीत.”

“झडप नाही हो. मला वाटलं, एवढ्या गंजक्या वस्तूवर माझ्याशिवाय कुणाचं मन जाणार...”

टीव्हीची जुनी डिश होती ती. कडेला गंज चढलेला, पण पोचा एकही नव्हता. सकाळपासून गावातल्या सगळ्या वखारी पालथ्या घातल्यावर तिला ही एवढी एकच धड डिश दिसली होती. ती सोडून घरी जायचं तर आजचा दिवस फुकट, आणि तिच्याकडे फुकट घालवायला दिवस उरले नव्हते.

“तुम्हाला कशाला हवी आहे ही?” तिने विचारलं.

“बदकांना.”

“कुणाला?”

“बदकांना. डुंबायला. उथळ आहे, गोल आहे... कडही बरोबर त्यांना चढता येईल एवढी.”

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “अहो, या आकाराचं काही कळतं का तुम्हाला? समोरून आलेली प्रत्येक लहर यावर आपटून एका ठिकाणी गोळा होते. त्यासाठी केलेला आकार आहे हा. आणि तुम्ही त्यात बदकं बसवणार.”

“बदकंही एका ठिकाणीच गोळा होतात,” तो गंभीरपणे म्हणाला.

भंगारवाला तोंड फिरवून हसला. तिने डिशला असा हिसका दिला की समोरच्याने हात सोडला, आणि ती डिशसकट मागच्या टायरांच्या ढिगावर बसली.

“लागलं का?” तो पुढे झाला.

“नाही.”

“मग बदकांना काय सांगू?”

“सांगा, जगात त्यांच्यापेक्षा महत्त्वाची कामं असतात.”

“त्यांना पटायचं नाही ते,” असं म्हणून तो हसला. तोंडाने नाही, नुसत्या डोळ्यांनी. डोळे बरे आहेत, असं तिच्या मनात आलं. ते मनात आलं याचाच तिला राग आला, आणि डिश बगलेत मारून ती मागे वळून न बघता निघाली.

रागीट म्हणून ती लहानपणापासूनच प्रसिद्ध होती. तिचा मोठा भाऊ जन्मापासून बहिरा. त्याने तिला हातांच्या भाषेत जे नाव ठेवलं, तेच तिला चिकटलं. मूठ घट्ट मिटायची आणि पाचही बोटं एकदम उडवायची: ठिणगी. आईसुद्धा तिला तीच हाक मारायची. भाऊ सुतार होता. घराच्या खालच्या मजल्यावर त्याचा कारखाना, वरच्या मजल्यावर बिऱ्हाड. दादाशी बोलता बोलता ठिणगी हातांच्या भाषेत अशी तरबेज झाली की पुढे तेच तिचं पोटापाण्याचं काम झालं. बहिऱ्या माणसांना दवाखान्यात डॉक्टरांशी बोलायचं असलं की पडद्यावर ठिणगीला बोलवायचे. ती हात बघून बोलायची आणि बोलणं ऐकून हात चालवायची. आपल्या खोलीत बसून, टेबलावरच्या लॅपटॉपसमोर.

अडचण होती घराची. घर टेकडीच्या मागच्या अंगाला. फोनवर आवाज यायचा, चित्र येता येत नसे. इंटरनेटच्या कंपनीने माणूस पाठवला, त्याने फोनवर नकाशा काढून बघितला आणि सांगितलं, “तुमचं घर नकाशात बसत नाही.”

“घर आधी बांधलंय,” ठिणगी म्हणाली, “नकाशा नंतर काढलाय. न बसायला काय झालं?”

माणूस चहाही न घेता गेला.

मग तो प्रसंग घडला. दवाखान्यात एक बहिरी बाई होती, पोटुशी, तापाने फणफणलेली. ती हातांनी सांगत होती, की हे औषध मी घेते... आणि तिथेच चित्र गोठलं. हातांच्या भाषेत ‘नाही’ बहुतेक वेळा शेवटी येतं. ठिणगीला वाटलं, हात थांबले म्हणजे वाक्य संपलं. “हे औषध त्या घेतात,” असं ती बोलून गेली. परिचारिकेने सुई भरली. चित्र पुन्हा हललं तेव्हा बाई दंड छातीशी धरून भिंतीला चिकटली होती आणि परिचारिका सुई हातात धरून गोंधळून उभी होती. ते औषध बाईला अजिबात चालत नव्हतं. थोडक्यात निभावलं.

त्यानंतर कामाच्या मुख्य बाईंनी ठिणगीला स्पष्ट सांगितलं, “तुझ्या हातांबद्दल तक्रार नाही. पण लाइन सुधार. महिना संपेपर्यंत नाही जमलं, तर मला दुसरी मुलगी घ्यावी लागेल.”

सगळे म्हणाले, शहरात खोली घे. ठिणगी म्हणाली, का म्हणून? घर माझं, काम माझं, टेकडी मध्ये आली तर मी का उठायचं? ती रागावली की भांडी आपटत बसायची नाही, काहीतरी करायला घ्यायची. या वेळी तिने वायरलेसची लहर लांबून कशी ओढतात ते शोधून काढलं, फोनवर, एकेक पान उघडायची वाट बघत. डिश हवी. डिशच्या तोंडासमोर, जिथे सगळी लहर गोळा होते, नेमका तिथे लॅपटॉपला लावायचा छोटा वायरलेस तुकडा बांधायचा. लांब वायर घरात आणायची. बस.

वखारीतली डिश घरी आली तसं दादाने तिच्यासाठी सागवानाचं स्टँड केलं. खाली फिरणारं, वर कलणारं. रंधा मारून पॉलिशसुद्धा केलं.

“एवढं सुंदर कशाला?” ठिणगीने हातांनी विचारलं.

“गच्चीवर सगळ्यांना दिसणार,” दादाचे हात म्हणाले. “माझं नाव खराब नको.”

दोघं गच्चीवर डिश इंचाइंचाने फिरवत बसली. दादा फिरवायचा, ठिणगी लॅपटॉपवर कुणाची लाइन सापडते का ते बघायची. टेकडीच्या बाजूला काहीच नाही. गावाच्या बाजूला काहीच नाही. मग डिश घळीच्या दिशेला वळली. घराच्या मागे ओढ्याची खोल घळ होती, आणि पलीकडच्या काठावर हिरव्या जाळीखाली कुणाची तरी रोपवाटिका. पडद्यावर एक नाव उमटलं. ठिणगीने ते वाचलं आणि कपाळावर हात मारला.

लाइनचं नाव होतं: ‘बदकं चावतात’.

“काय झालं?” दादाने विचारलं.

“ज्याला शिव्या देऊन आले, त्याच्याच दारात जायचंय,” ठिणगीचे हात म्हणाले.

घळीतून पायवाट होती, पण उतरून चढायचं म्हणजे धाप लागायची. ठिणगी रोपवाटिकेच्या फाटकाशी पोचली तेव्हा चेहरा लाल झाला होता, चढाने थोडा आणि अपमानाने जास्त. तो रोपांना पाणी घालत होता. पाठीमागून बदकांची रांग आली आणि तिच्या पायांभोवती जमली.

“सांगितलं मी त्यांना,” तो नळी खाली ठेवत म्हणाला, “की महत्त्वाची कामं असतात. नाही पटलं. आता तुम्ही स्वतःच समजवा.”

ठिणगीने येताना वाक्यं जुळवून आणली होती. ती सगळी विसरली. “मला तुमचं इंटरनेट हवंय,” ती एकदम म्हणाली.

“हवंय...”

“चोरणार नाही. विचारायला आलेय.” आणि मग तिने सगळं सांगितलं. ती बाई, ते गोठलेलं चित्र, सुई. सांगताना आवाज चढत गेला, जणू तोच कंपनीचा माणूस होता. त्याने नळ बंद केला आणि सगळं ऐकून घेतलं. सांगून झाल्यावर म्हणाला, “घ्या की. रोपं काही रात्रंदिवस सिनेमे बघत नाहीत.”

“पासवर्ड काय?”

“तुम्ही कोण विचारणाऱ्या.”

ठिणगी उसळली. “हे बघा, द्यायचं नसेल तर सरळ नाही म्हणा. घळ चढून आलेय मी इथे, टोमणे ऐकायला नाही.”

“अहो... तोच पासवर्ड आहे. ‘तुम्हीकोणविचारणाऱ्या’. सगळं एकत्र, इंग्रजी अक्षरांत. माझी मावशी यायची आणि सारखा पासवर्ड मागायची. म्हणून ठेवला.”

ठिणगीला हसू आलं. ते दाबायला तिने खाली बघितलं, तेवढ्यात एका बदकाने तिच्या चपलेचा पट्टा ओढला. लाइनचं नाव खोटं नव्हतं.

एका बाजूच्या डिशने लाइन पोचत होती, पण अशक्त, आजारी माणसासारखी मध्येच बसणारी. “माझ्या बाजूलाही एक डिश लावली तर?” असं तोच म्हणाला. दुसरी डिश मिळेना, म्हणून दोघांनी मिळून तयार केली. पट्ट्या वाकवून परडीसारखा सांगाडा, त्यावर बदकांच्या कुंपणातली तारेची जाळी. पट्टी किती वाकवायची ते ठिणगी सांगायची, तो वाकवायचा. ती “अजून, अजून” म्हणायची, आणि मग “बास म्हटलं ना” म्हणून ओरडायची. तिथे ओल्या मातीचा वास असायचा, हिरव्या जाळीतून गाळलेलं ऊन असायचं. त्याच्या हाताला तारेने ओरखडे पडले तेव्हा ठिणगीने ते धुऊन दिले. धुताना ती एकदाही ओरडली नाही...

“तुम्ही रागावत नाही तेव्हा जास्त भीती वाटते,” तो हळूच म्हणाला.

“मग रागावते,” ती म्हणाली, आणि हात सोडायचा राहून गेला.

जाळीची डिश त्याच्या छपरावरच्या खांबाला बांधली. दोन्ही डिश एकमेकींकडे बरोबर तोंड करून हव्यात, केसभरही हलून चालायचं नाही. दोघांच्या हातात नटबोल्ट आवळायचे पाने, फोन कानाला लावणार कोण? म्हणून दादा गच्चीच्या कठड्याशी उभा राहिला आणि घळीपलीकडे हात करून सांगू लागला. डावीकडे. वर. थोडं. थांब. रोपवाल्याला ते पटापट कळायला लागलं. इतकं की तोही उलट उत्तरं द्यायला लागला. एकदा त्याला ‘सावकाश’ म्हणायचं होतं आणि तो ठिणगीकडे बोट करून ‘म्हातारी’ म्हणाला. दादा हसून हसून खाली बसला. त्याच दिवशी दादाने त्याचंही नाव ठेवलं. हाताची चोच करून दोनदा उघडझाप: बदक.

लाइन लागली. चित्र एवढं स्वच्छ आलं की पलीकडच्या माणसाच्या बोटांची नखं दिसावीत. मुख्य बाई म्हणाल्या, “आता बघ, कशी लाइन आली.” आई म्हणाली, “पोरगी जेवताना हसते हल्ली. ताप बिप नाही ना?” ठिणगी कधी वायर तपासायला, कधी गाठी आवळायला घळ ओलांडून जायची. गाठी काही एवढ्या सैल होत नव्हत्या. येताना प्रत्येक वेळी तिच्या हातात एक रोप असायचं.

“माझ्याकडे झाडं जगत नाहीत,” ती म्हणायची.

“ओरडत असाल त्यांच्यावर.”

“ओरडते. वाढत नाहीत म्हणून.”

“मग इथे आणून ठेवत जा. अधूनमधून बघायला या...”

रोज सकाळी काम सुरू करायच्या आधी ती गच्चीवर यायची आणि पलीकडून हात हलायचा. नवी शिकलेली एखादी खूण असायची. “पाणी.” “ऊन.” “आज बरी दिसतेस.” हातांच्या भाषेत तू-तुम्ही नसतं. ही शेवटची खूण त्याला कुणी शिकवली, ते तिने दादाला विचारलं. दादाने रंधा चालू केला.

आणि मग एका दुपारी, ऐन कामात, लाइन मेली.

एक बहिरे आजोबा डॉक्टरांना विचारत होते, की माझ्या डोळ्यांचं काय होणार. ऐकू येत नव्हतंच, आता दिसायचंही कमी झालं होतं. डॉक्टर उत्तर द्यायला लागले, ठिणगीने हात उचलले, आणि पडदा काळा. गोठलंसुद्धा नाही, गेलंच. तिने सगळं करून बघितलं. गच्चीवर धावली. पलीकडे बघते तर जाळीची डिश तिच्याकडे पाठ करून उभी होती. कुणीतरी चांगली फिरवून ठेवलेली.

ठिणगी घळ कशी उतरली नि कशी चढली, तिचं तिला कळलं नाही. तो छपराखालीच होता. तिला बघून त्याने ओठांवर बोट ठेवलं. याने तर ती आणखीच पेटली.

“डिश कुणी फिरवली?”

“मी. जरा हळू बोला...”

“का?”

त्याने वर दाखवलं. खांब आणि डिश जिथे जोडली होती, तिथे चार काड्यांचं घरटं होतं. एक पारवी त्यात अंग फुगवून बसली होती. “दुपारचं ऊन थेट अंड्यांवर येत होतं. सावली व्हावी म्हणून थोडी फिरवली. संध्याकाळी परत सरळ करणार होतो.”

“संध्याकाळी,” ठिणगी म्हणाली. आवाज इतका खाली आला की बदकंसुद्धा थांबली. “एक म्हातारा माणूस विचारत होता, मी आंधळा होणार का. त्याला उत्तर द्यायला मी हात उचलले आणि त्याच्यासमोर नुसता काळा पडदा. तो अजून तिथे बसला असेल. तुम्ही सावली करत होता.”

त्याचा चेहरा उतरला. “मला माहीत नव्हतं की आत्ता काम...”

“विचारलंत? समोर गच्ची आहे. हात हलवता येतो. ‘आज बरी दिसतेस’ सांगायला येतो, ‘डिश फिरवतोय’ सांगायला येत नाही?”

“सांगणार होतो. सकाळीच. पण वाटलं, तुम्ही म्हणाल, काढून टाका ते घरटं.” त्याने वर घरट्याकडे बघितलं. “आणि तुम्ही म्हणाला असतात, तर मला ते... तुमच्याकडून ऐकायचं नव्हतं.”

हे मात्र तिला खोल लागलं. “म्हणजे मी अंडी फेकणारी बाई आहे, असं ठरवून टाकलंत.”

“तसं नाही...”

“तसंच. मला विचारायच्या आधीच. कंपनीने नकाशात घर नाही म्हणून सांगितलं, तुम्ही मनात माया नाही म्हणून सांगितलं. राहू दे ती डिश तशीच. तुमची पारवी सुखाने नांदू दे. मला नको तुमची लाइन.”

ती निघाली. तो फाटकापर्यंत मागे आला, पण तिने वळून बघितलं नाही. घळीत उतरल्यावर डोळे पुसले आणि डोळ्यांत पाणी आलं म्हणून स्वतःवरच चिडली.

पुढचे दिवस घरात कुणी तिच्या वाटेला गेलं नाही. ती पहाटेच्या बसने शहरात जायची, कार्यालयात कोपऱ्यातल्या टेबलावर बसून काम करायची आणि अंधार पडता परत यायची. आजोबांना मुद्दाम शोधून, त्यांच्या घरी जाऊन, तळहातावर बोटं टेकवून तिने डॉक्टरांचं उत्तर सांगितलं: एक डोळा वाचेल. आजोबांनी तिचा हात बराच वेळ धरून ठेवला. परतीच्या बसमध्ये तिला वाटलं, हे कुणाला तरी सांगावं. कुणाला, ते मनात आलं आणि तिने खिडकी जोरात लावून घेतली.

दादा मात्र सारखा गच्चीवर असायचा. “काय करतोस वर?” तिने विचारलं. “लाकूड वाळत घातलंय,” दादाचे हात म्हणाले. गच्चीवर लाकूड नव्हतं. ते बघायचंही तिच्या डोक्यात आलं नाही, एवढी ती आपल्या रागात होती.

सुट्टीच्या दिवशी दुपारी फोन वाजला. मुख्य बाई होत्या. “ती मागची बाई आठवते? औषधाची? तिला कळा सुरू झाल्यात, दिवस भरायच्या आधीच. दुसरी मुलगी दिली तर या बाईने हात मागे घेतले. तूच हवी म्हणते.”

“बाई, मी घरी आहे. इथे लाइन नाही.”

“ते मला सांगू नकोस. ती एकटी आहे आत. तिला काय चाललंय ते कुणी सांगत नाहीये.”

शहराची बस गाठून पोचेपर्यंत सगळं आटोपलं असतं. ठिणगीने लॅपटॉप उघडला, आशेने नाही, संतापाने. आणि तिचे हात थांबले. ‘बदकं चावतात’. लाइन होती. पूर्ण नाही, मध्येच श्वास घेतल्यासारखी कमी-जास्त होणारी, पण होती.

कशी काय, हे विचारायला वेळ नव्हता. पडद्यावर ती बाई दिसली, घामाने भिजलेली, डोळे भीतीने मोठे झालेले. ठिणगीला बघताच तिचा चेहरा बदलला. त्यानंतर जगात दुसरं काही उरलं नाही. डॉक्टर म्हणाल्या, बाळाचे ठोके चांगले आहेत. ठिणगीच्या हातांनी सांगितलं. बाईचे हात म्हणाले, श्वास लागतो, पाठ तुटते. ठिणगीने ते मोठ्याने सांगितलं. आत्ता जोर नको. आत्ता थांब. आता... आता लाव जोर. लाइन थरथरायची, चित्र किंचित मळायचं आणि पुन्हा स्वच्छ व्हायचं, पण गोठलं नाही. एकदाही नाही. शेवटी कुणीतरी एक लाल, सुरकुतलेलं, रागावलेलं बाळ वर धरलं. बाईने ठिणगीकडे बघून विचारलं, “रडतंय का? मला ऐकू येत नाही. रडतंय?”

“रडतंय,” ठिणगीचे हात म्हणाले. “चांगलं भोकाड पसरलंय.”

तिने लॅपटॉप मिटला. दाराशी दादा उभा होता.

“मुलगी,” तिने हातांनी सांगितलं.

दादाने डोळे पुसले. मग म्हणाला, “आता वर चल. त्याला सांगायला हवं, की हात खाली घे.”

“कुणाला?”

गच्चीवर सुसाट वारा होता. घळीपलीकडे छपरावर जाळीची पहिली डिश तशीच पाठ करून उभी होती, घरट्यावर सावली धरून. तिच्या शेजारी, पाण्याच्या टाकीवर, रोपवाला पाय रोवून उभा होता. डोक्यावर दोन्ही हातांनी त्याने एक दुसरीच डिश धरली होती, वाकडीतिकडी, नव्या जाळीची. वाऱ्याने तिचा बांबू मोडून खाली पडला होता.

दादाचे हात सांगत गेले. भांडण झालं त्या दिवसापासून तो नवी डिश करत होता. पट्टी किती वाकवायची ते मी रोज इथून सांगत होतो. आज लावून बघत होतो, तोच बांबू मोडला, म्हणून त्याने डिश हातांनी वर धरली. तेवढ्यात तुझा फोन आला. मी दारातून तुझे हात वाचले आणि वर येऊन त्याला सांगितलं: बाई. बाळ. हलू नको.

“आणि तो हलला नाही,” दादा म्हणाला.

ठिणगीला जो राग आला, तसा आयुष्यात आला नव्हता. दादाचा, त्याचा, वाऱ्याचा, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. ती घळ उतरली, चढली. बदकं सगळीकडे मोकाट हिंडत होती, वाफ्यातली कोवळी रोपं खात होती, कारण त्यांच्या कुंपणाची उरलीसुरली जाळी आता डिशला लागली होती. तो टाकीखाली भिंतीला टेकून बसला होता. हात अजून अर्धवट वरच, जणू कुणी बंदूक रोखली आहे.

“खाली येत नाहीत,” तो ओशाळून म्हणाला. “येतील थोड्या वेळाने. बाळ...?”

“मुलगी आहे. ठणठणीत.” ती त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसली आणि त्याचा एक दंड धरून चोळायला लागली, कणीक मळावी तशी. “तुला अक्कल आहे का? वरून पडला असतास तर?”

‘तुला’ हा शब्द दोघांनीही ऐकला.

“वीज पडली असती तर?” ती पुढे म्हणाली, आवाज फाटत होता. “मला सांगितलं का नाहीस?”

“तू म्हणालीस, लाइन नको. मी म्हटलं, करून ठेवू. लागली तर असावी.” त्याने दुखून डोळे मिटले. “त्या दिवशी मी चुकलो. आधी विचारायला हवं होतं. मी मनानेच ठरवलं तू काय म्हणशील ते.”

“मी म्हटलंही असतं. फेक म्हणून. पहिल्या झटक्यात म्हटलंच असतं.” ती दुसरा दंड चोळायला लागली. “आणि मग स्वतः शिडीवर चढून सावलीला पोतं बांधलं असतं. तेवढं थांबायचं असतं माझ्यासाठी.”

“थांबेन,” तो म्हणाला.

वारा जरा पडला. वर पारवी घुमत होती. ठिणगीचे हात चालायचे थांबले होते, पण दंडावरून निघाले नव्हते.

“मला तुझा राग आला की दिवसभर दुसरं काही सुचत नाही,” ती खाली बघत म्हणाली. “आणि राग नसतो तेव्हाही... तेच होतं. हे काय आहे ते तू सांग. मला सांगायची लाज वाटते.”

“मला नाही वाटत,” तो म्हणाला. “माझं प्रेम आहे तुझ्यावर. त्या टायरांवर बसलीस ना, तेव्हापासून. फक्त हात चालत नाहीत म्हणून, नाहीतर जवळ घेतलं असतं.”

“माझे चालतात,” ठिणगी म्हणाली, आणि तिनेच त्याला जवळ घेतलं. एक बदक येऊन बराच वेळ बघत उभं राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघांनी नव्या डिशसाठी लोखंडी खांब रोवायला घेतला. दादाने रात्रीत खांबाला घट्ट आवळायची लाकडी बैठक करून दिली होती. रोपवाला पहार मारत होता, ठिणगी माती उपसत होती आणि कडेने सूचना देत होती. तिरका जातोय. इकडे दगड आहे. एवढा खोल कशाला?

मग ती मध्येच थांबली. मातीचे हात तसेच धरून घळीपलीकडे बघत राहिली. गच्चीवर दादा डिशचं स्टँड फडक्याने पुसत होता.

“अरे,” ती हळू म्हणाली, “लग्न झालं की मी इकडेच राहायला येणार. तुझ्या घरात लाइन आहेच. मग ही डिश कुणासाठी?”

त्याने पहार मारायची थांबवली नाही.

“दादासाठी,” तो म्हणाला. “त्याला फोनवर तुझ्याशी बोलता येणार आहे का? त्याला तू रोज नीट दिसायला हवीस. म्हणून तर खड्डा खोल खणतोय.”

ठिणगी पुढे झाली. तिने त्याच्या हातातली पहार घेतली आणि जोरात खणायला लागली.